बसल्या जागेवरून

"एकमताने मंजूर," असं अध्यक्ष म्हणाले आणि हातातला पाण्याचा पेला त्यांनी टेबलावर ठेवला. पेल्याचा आवाज जरा मोठाच झाला. ती त्या वेळी मांडीवर झोपलेल्या मुलीचा श्वास ऐकत होती. श्वास आत, मग थोडं थांबणं, मग बाहेर. ते मधलं थांबणं दर वेळी तिला किंचित जास्तच वाटायचं. अध्यक्षांचा शब्द कानावर पडला, पण शेजारच्या घरात भांडं पडावं तसा. कुणाचं तरी काहीतरी पडलं, आपलं नाही. मग सावकाश लक्षात आलं, की त्या एका मतात आपलंही मत गेलं. भिंतीतलं दार कायमचं बुजवायचं ठरलं, आणि ठरवणाऱ्यांत आपण आहोत. तिला राग आला नाही, रडूही आलं नाही. खुर्चीच्या पत्र्याचा गारवा इतका वेळ पाठीला लागतच होता, तो तेवढा एकदम जाणवायला लागला; आणि डावा हात मुलीच्या मानेखाली पार बधिर झालाय हेही. बोटं हलवून पाहिली तर ती दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी हलली.

सभा नेहमीसारखी व्यायामशाळेच्या हॉलमध्ये भरली होती. वजनं, दांडे, गुंडाळलेल्या चटया एका कोपऱ्यात ढकलून घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या. घामाचा जुना वास खिडक्या उघड्या असूनही गेला नव्हता. एका भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत आरसा होता. व्यायाम करणाऱ्यांनी स्वतःकडे बघावं म्हणून लावलेला. त्यामुळे सभा दोनदा भरल्यासारखी दिसायची. आरशातल्या सभेत तिसऱ्या रांगेत एक बाई बसली होती, मांडीवर मूल घेऊन, मान थोडी पुढे काढून, बसमधून उतरायची जागा चुकली की काय असं बघत असणाऱ्या माणसासारखी. ही मी, असं तिला वाटायला नेहमी एक क्षण लागायचा. वस्तीच्या या समितीचा एक नियम होता. बोलायचं असेल त्याने उभं राहायचं. ठरावाला विरोध असेल त्यानेही उभंच राहायचं. बसल्या जागेवरून बोललेलं ऐकलं जाईल, पण धरलं जाणार नाही. फार पूर्वी पाण्याच्या वेळेवरून झालेल्या एका सभेत सगळे एकदमच ओरडायला लागले आणि शेवटी काय ठरलं ते कुणालाच कळलं नाही, उलट दोन दिवस पाणीच आलं नाही, तेव्हापासूनचा हा नियम. लोक त्याची थट्टा करायचे. घड्याळवाल्या काकांचे गुडघे गेलेले, ते म्हणायचे, "मी जन्मभर सरकारपक्षाचा. विरोध करायला गुडघे लागतात." आणि सगळे हसायचे. तीही हसायची. आज मात्र तिला ते वाक्य आठवलं आणि हसू ओठांपर्यंत येऊन परत गेलं.

दार म्हणजे तसं काही मोठं नव्हतं. वस्तीच्या मागच्या भिंतीत एक लोखंडी दार, एका वेळी एकच माणूस जाईल एवढं. छत्री उघडी असली तर मिटावी लागायची. पलीकडे दुसरी वस्ती. तिथली घरं बुटकी, गल्ल्या अरुंद, आणि कपडे दाराबाहेर वाळत घातलेले. कोपऱ्यावरचे शिंपीकाका सकाळी ते दार उघडायचे आणि संध्याकाळी दिवे लागले की कडी लावायचे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. त्यांचं दुकान दाराला लागून, बिजागरी करकरली की त्यांचंच डोकं उठायचं. म्हणून ते मशीनला घालायच्या तेलातलं थोडं बिजागरीला घालायचे, आणि तेल घालता घालता दारच त्यांचं झालं. कुणाला उशीर झाला तर ते कैचीने दारावर टकटक करून विचारायचे, "अजून कुणी आहे का रे बाहेर?" आणि आतबाहेर कुणी नाही अशी खात्री झाल्यावरच कडी घालायचे. मागच्या आठवड्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्या संध्याकाळी कडी लागली नाही, दुसऱ्या संध्याकाळीही नाही. दार रात्रभर उघडं राहिलं, आणि तीनचार घरांच्या बाहेरचे पितळी नळ कुणीतरी पिळून नेले.

"आता कडी लावायची कुणी?" सभेच्या सुरुवातीलाच औषधाच्या दुकानवाल्याने उभं राहून विचारलं होतं. "मी दुकान सोडून येऊ? तुम्ही येणार? कुणी नाही. मग रोज उठून पलीकडच्यांना आमंत्रण कशाला? विटा लावा, गिलावा करा, विषय संपवा."

"पलीकडचे सगळेच काही तसे नसतात हो," शिवणाचा वर्ग चालवणाऱ्या बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या आणि पटकन तिच्याकडे बघून हसल्या. त्या हसण्यात माया होती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

"तसं कोण म्हणतंय? पण नळ काय आपण होऊन चालत गेले?"

"माझा नळ तर गळका होता," घड्याळवाले काका म्हणाले. "चोराला चांगली अद्दल घडली."

हशा झाला. हसण्यासाठी लोकांनी माना मागे टाकल्या, आरशातही टाकल्या. नेमकी त्या हशात मुलगी झोपली. दुपारपासून किरकिर करत होती, दाढा येत होत्या, दोन वेळा झोपली आणि दोन वेळा पाळण्यात ठेवताक्षणी उठली. ती अशी एकदम जड झाली, तोंड उघडं पडलं, आणि आईच्या दंडावर लाळेचा एक गरम ठिपका उमटला.

तिने वाक्य तयार करून आणलं होतं. फार नाही, एकच. दुपारी भांडी घासताना ते तिने नळाच्या आवाजात म्हणून पाहिलं होतं: दाराची कडी मी लावीन. सकाळी उघडीन, संध्याकाळी लावीन. एवढंच म्हटलं की औषधवाल्याचा प्रश्नच संपतो, मग विटा कशाला? वाद नाही, भांडण नाही, पलीकडचे-अलीकडचे काही नाही. इतकं सोपं होतं की तिला संशय यायचा. कॉलेजात वक्तृत्वाच्या स्पर्धेत तिने एकदा ढाल मिळवली होती, आणि ती ढाल आईच्या घरी डाळीच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवलेली असते, हे तिला भांडी घासता घासता उगाचच आठवलं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो कामाला निघायच्या घाईत बुटाचे बंद बांधत म्हणाला, "मग बोल ना. चांगलं आहे. मी असतो तर मीही बोललो असतो." त्याची दुसरी पाळी होती. तो असता तर बोलला असता का, याचा विचार तिने केला नाही; असे विचार ती हल्ली करत नसे, त्यांनी दिवस जड जातो.

सासरे समितीचे चिटणीस. आत्ता ते अध्यक्षांच्या शेजारी बसून ठराव लिहीत होते, लिहिताना नेहमीसारखी जीभ ओठांच्या कोपऱ्यात. सकाळी त्यांनी मुलीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या होत्या. ते तिला हेडबाई म्हणायचे, कारण ती बोट दाखवून सगळ्यांना हुकूम सोडायची. फेऱ्या मारता मारताच ते म्हणाले, "संध्याकाळी दाराचा विषय येतोय. तुझी आई पलीकडे, मला कळतं. तुझं काही म्हणणं असेल तर सभेत मांड, मुली. घरात मी सासरा, तिथे चिटणीस. तू मांडलंस तर मी लिहीन. आणि घरात मला काही सांगितलंस, तर ते मी घरातलंच धरीन." ती "बरं" म्हणाली. त्यांच्यावर रागवायला जागाच नव्हती. तिला कधी कधी वाटायचं, थोडे वाईट असते तर बरं झालं असतं. वाईट माणसासमोर उभं राहता येतं. चांगल्या माणसासमोर चार लोकांत उभं राहायचं म्हणजे त्याच्या ताटातला घास काढून घ्यायचा.

आईने तर हात जोडले होते. "माझ्यापायी सासऱ्यांशी वाकडं घेऊ नकोस. दार बंद तर बंद. मी मोठ्या रस्त्याने येईन. पाय आहेत अजून." मोठा रस्ता म्हणजे पुलाखालून, आगाराला वळसा घालून, दोन सिग्नल पार करून. आई एकदाही त्या बाजूने आलेली नव्हती. दारातून यायची, पदराआड एखादा डबा, आणि शिंपीकाकांना "काय, जिवंत का?" म्हणून विचारायची. ते म्हणायचे, "तुमच्या कडीपुरता." ते गेल्यावर आई रडली नाही. फक्त म्हणाली, "आता मी कुणाला विचारू?"

आणि या सगळ्याच्या खाली ते दुसरं होतं, ज्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे. थंडीतली एक सकाळ. मुलीला रात्रभर ताप. सासरे बँकेत गेलेले, नवरा कामावर. ती दूध गरम करत होती आणि मागे काहीतरी खडखडलं. वळून पाहिलं तर पाळणा हलत होता, आणि पाळण्यात मुलगी ताठ झाली होती, डोळे वर, ओठांना जांभळी छटा. पाळण्याच्या दांड्याला तिची टाच लागत होती, तोच आवाज. त्यानंतरचं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पायात चप्पल नव्हती. दगडी फरशी. शिंपीकाका मशीनवरून उठले आणि त्यांनी दार पूर्ण उघडून धरलं, काही न विचारता, टेपचं टोक गळ्यातून लोंबत. त्या टेपवरचे आकडे तिला अजून दिसतात. पलीकडची गल्ली, ओले कपडे तोंडावर आपटले, आईचं दार. ती आईच्या घरात पोचली तोवर सगळं संपलेलं होतं. मुलगी सैल पडून झोपली होती. आईने काहीच केलं नाही. करण्यासारखं राहिलंच नव्हतं. तिने फक्त स्टूल पुढे सरकवलं आणि म्हटलं, "आलीस ना. बस." डॉक्टर नंतर म्हणाले की लहान मुलांना तापात असं होतं, पुन्हा होईलच असं नाही, झालं तरी धावपळ करू नका. त्यांनी समजावून सांगितलं आणि तिला समजलं. ती शिकलेली होती. आपण धावलो त्याचा मुलीला काही उपयोग झाला नाही हे तिला स्पष्ट कळत होतं. पण तेव्हापासून तिचं घर म्हणजे स्वयंपाकघर, बाहेरची खोली, अंगण आणि ते दार असं झालं होतं. दिवसातून कितीदा तरी ती मनातल्या मनात त्या दारापर्यंत जाऊन यायची. कधी पाळणा हलला की, कधी काहीच हललं नाही की. दार उघडं आहे एवढं कळलं की पुन्हा भाजी चिरायला लागायची. तिकडे आई असते म्हणून नव्हे. आई काही करू शकत नाही हे तिने पाहिलं होतं. तिकडे कुणीतरी स्टूल पुढे सरकवून "बस" म्हणतं, म्हणून.

हे सभेत मांडता येण्यासारखं नव्हतं. म्हणून कडीचं वाक्य.

आणि मग अध्यक्षांनी विचारलं होतं, "कुणाचा विरोध?" त्यांनी मान डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवली. ते पूर्वी शाळा तपासायला जायचे, त्यांची मान अजून तशीच फिरायची, शेवटच्या बाकापर्यंत. तिने हिशेब केला. आधी डावा हात मानेखालून खांद्याकडे न्यायचा, मग उजवा गुडघ्यांखाली, मग खुर्चीच्या कडेला सरकायचं, खुर्ची करकरेल. मुलगी उठेल. उठली की रडेल, रडली की सगळे वळतील, कुणीतरी म्हणेल, बाहेर घेऊन जा हो तिला, आणि वाक्य तसंच तोंडात राहील. आधी झोप पक्की होऊ दे, असं तिला वाटलं. अजून थोडी. सासऱ्यांनी त्या वेळी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. लेखणी कागदापासून उचललेली होती. ते थांबले होते. थांबायला हवं त्याहून थोडं जास्तच थांबले, मुलगी श्वासाच्या मध्ये थांबते तसे. मग त्यांनी मान खाली घातली आणि लिहिलं.

आता सभा पुढे गेली होती. कोपऱ्यावरचा दिवा दिवसा जळतो आणि रात्री विझतो, यावर कुणीतरी उभं राहून बोलत होतं. मग कुत्र्यांचा विषय निघाला. कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि न घालणारे असे दोन पक्ष पडले, आणि दाराला लागला त्याच्या तिप्पट वेळ कुत्र्यांना लागला. ती ऐकत होती. तिला सगळं नीट ऐकू येत होतं, काचेपलीकडून ऐकू यावं तसं. मूल झोपलेलं होतं म्हणून आपण उठलो नाही, हे वाक्य तिने मनात मांडून पाहिलं. छान होतं. कुणालाही सांगण्यासारखं होतं. आईला, नवऱ्याला, म्हातारपणी मुलीलाही. 'तू झोपली होतीस ना, म्हणून.' त्याला कुठेच भोक नव्हतं, आणि तिला ते हातात धरवेना. कारण मुलीची झोप पक्की आहे हे तिला केव्हाच कळलं होतं. हात जड झाला होता त्यावरून कळलं होतं. झोपलेल्या मुलाच्या वजनातला फरक आईला कळत नाही असं होत नाही. तिने आरशात पाहिलं. ती बाई मुलीला धरून बसली होती, की मुलीने तिला धरून बसवलं होतं, ते इथून काही सांगता येत नव्हतं.

"बरं, संपलं मग," अध्यक्ष म्हणाले आणि चष्मा डबीत ठेवायला लागले.

"अहो, संपलं काय?" शिवणाच्या बाई एकदम ओरडल्या. "शिंपीकाकांचं राहिलं!"

श्रद्धांजली नेहमी पहिली असते. आज दाराच्या घाईत राहून गेली. ज्याचं दार बुजवलं त्याचंच राहून गेलं, हे बहुधा सगळ्यांना एकदमच जाणवलं असावं, कारण औषधवाला आपल्या बोटांकडे बघत होता. अध्यक्षांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. तो कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "सर्वांनी कृपया उभं राहावं," ते म्हणाले.

खुर्च्या सरकल्या. घड्याळवाल्या काकांना दोघांनी बगलेत धरून उठवलं. ते उठता उठता पुटपुटले, "शिंप्या, बघ रे बाबा, तुझ्यासाठी उठलो." आणि तीही उठली. तिने काही ठरवलं नाही. बधिर हात मानेखालून खांद्याकडे गेला, उजवा गुडघ्यांखाली, खुर्ची करकरली, आणि ती उभी होती. मुलगी तिच्या खांद्यावर डोकं टाकून तशीच झोपलेली. गाल गळ्याला चिकटलेला, श्वास आत, थोडं थांबणं, बाहेर. इतकंच होतं. इतकंच करायचं होतं. बधिर हातात मुंग्या यायला लागल्या, आणि त्या मुंग्यांबरोबर तिच्या अंगात हळूहळू काहीतरी परत आलं, जे चांगलं होतं असं म्हणता आलं नसतं. हॉल शांत होता. कुठेतरी नळ ठिबकत होता. तिला कैचीची टकटक आठवली. अजून कुणी आहे का रे बाहेर?

"बसा," अध्यक्ष म्हणाले.

सगळे बसले. पत्र्याच्या खुर्च्यांचा गडगडाट पुढच्या रांगेपासून मागे गेला आणि विरला. आरशात एक बाई उभी राहिलेली दिसली, खांद्यावर मूल घेतलेली, बसलेल्या डोक्यांच्या मधोमध. या वेळी ओळखायला क्षणही लागला नाही.

"बसा हो," अध्यक्ष पुन्हा म्हणाले. "झालं."

"अगं, बस की," शिवणाच्या बाईंनी तिच्या कोपराला हात लावला. "हेडबाई उठतील."

बसलं तर मुलगी उठेल, असंही तिच्या मनात येऊन गेलं. ते खरंही असेल. तिने ते बाजूला ठेवलं. दुपारचं वाक्य जिथे ठेवलं होतं तिथे सापडलं नाही. तिने पुन्हा चाचपलं, आणि मग ते न सापडताच बोलायला लागली.

"कडी मी लावीन," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, आरशावर आपटून परत आला. "दाराची. उघडीन पण मीच. रोज. विटा लावू नका. मला ते दार लागतं."

शेवटचं ती म्हणणार नव्हती.

मुलगी दचकली. तिने डोकं वर केलं, एवढ्या माणसांकडे पाहिलं, मग आरशातल्या एवढ्या माणसांकडे, आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला.

"पण ठराव तर झाला," औषधवाला म्हणाला. तो उभा राहिला नव्हता. "संमत झालेला ठराव असा..."

"सूनबाई, हे आधी बोलायला हवं होतं," अध्यक्ष म्हणाले, तसं चिडून नाही. त्यांनी चिटणीसांकडे पाहिलं. "नाही का?"

सासऱ्यांनी लेखणीचं टोपण केव्हाच लावलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. टोपण काढलं, मागच्या बाजूला बसवलं, कागद पुन्हा समोर ओढला.

"उभं राहून बोलली आहे," ते म्हणाले. "धरावं लागेल."

मुलगी मोठ्याने रडायला लागली. सगळे वळले, आणि मागून कुणीतरी खरोखरच म्हणालं, "बाहेर घेऊन जा हो तिला." ती गेली नाही. मुलीच्या पाठीवरून हात फिरवत, मुंग्या आलेल्या हाताने, ती तिथेच उभी राहिली.